चार निळे चौकोन

सौंसर, ९ जून

प्रिय नितीनदादास,

धाकट्या बहिणीचा सप्रेम जयभीम. आईचा, बाबांचा आणि कूलरचाही तुला आशीर्वाद. (कूलर बिघडला होता. बाबांनी त्याला दोन बुक्क्या मारल्या, तेव्हापासून तो आशीर्वाद दिल्यासारखा नुसता हलतो, वारा देत नाही.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे पंचेचाळीस अंशांत जेवढे ठीक राहता येते तेवढे. तुझी प्रकृती कशी आहे? मोजे घालतोस ना? दोन जोड एकावर एक घालतोस ना? हे प्रश्न आईचे आहेत. ती समोर बसली आहे, आणि आपल्या घरचा रिवाज तुला माहीतच आहे: पत्र संपले की मी तिला सगळे वाचून दाखवायचे, ती "हं" म्हणाली की आत जाऊन भाताची शिते आणणार आणि पाकीट स्वतःच्या हाताने चिकटवणार. पोस्टाच्या डिंकावर तिचा भरवसा नाही. तुझा फोन फक्त खालच्या गावात उतरलास की लागतो, आणि शेवटचा उतरलास त्याला सव्वा महिना झाला. त्यामुळे पोस्टाच्या खिडकीवर आता मला सगळे ओळखतात. परवा तिथल्या काकांनी विचारले, "मोबाइल चोरी गेला काय वं पोरी?"

माझी बहीण बर्फ मोजते, असे तू तिकडे हिमालयात कॅम्पातल्या लोकांना सांगतोस. ते पूर्ण खरे नाही. मी बर्फाचे फोटो मोजते. उपग्रह दर पाच दिवसांनी तुझ्या डोंगरांवरून जातो, सकाळी अकराच्या आत, आणि फोटो काढतो. त्यातल्या हिमनद्यांच्या कडा मी माउसने गिरवते, यंदाची कड गेल्या वर्षीपेक्षा किती मागे सरली ते देहरादूनच्या अतुल सरांना कळवते. बर्फ मी अजून हातात घेतलेला नाही. पण त्याची कड कुठे होती आणि कुठे आहे, हे मला आपल्या अंगणाच्या कडेपेक्षा जास्त पाठ आहे. आपल्या घरात पहिली पदवीधर मी झाले, कारण बारावीनंतर तू पुस्तके माझ्याकडे सरकवलीस आणि स्वतः पोकलेनच्या सीटवर जाऊन बसलास. आता तू रस्त्यासाठी तोच डोंगर पोकलेनने फोडतोस आणि मी त्याचा फोटो पाहते. दोघांत डोंगराला जास्त त्रास कोण देते, हे ठरायचे आहे.

फोटो फार जड असतात. आपल्या घरच्या नेटवर एक उतरवायला बसले तर तोवर दुसरा निघतो. म्हणून पांढुर्ण्याला भूगोल शिकवायला जाते त्या दिवशी क्लासच्या आधी मुकुंदभाऊंच्या ऑनलाइन सेंटरवर जाते. तिथे जातीचे दाखले, शेतीचे फॉर्म, हॉलतिकीट आणि माझा हिमालय एकाच रांगेत असतात. मुकुंदभाऊ भरल्या दुकानात ओरडतात, "बाई, तुमचा बर्फ आला!" रांगेतले लोक माझ्या पिशवीकडे पाहतात, की हिने आणला कशात.

आता जानेवारीतली हकीकत. तुला फोनवर अर्धी सांगितली होती, तेवढ्यात तुझी रेंज गेली. (तुझी रेंज नेहमी माझी फजिती अर्धी झाली की जाते. मला शंका आहे.) मी संगणकासाठी एक नियम लिहिला होता, की बर्फ त्याने आपला आपण ओळखावा. नियम खरा आहे का हे पाहायला तो आधी अशा जागी लावतात, जिथे बर्फ नाही हे नक्की माहीत असते. मी सौंसरला लावला. उत्तर आले: बर्फ, दोन ठिकाणी, मिळून अर्धा एकर. मी घाबरून मुकुंदभाऊंना एवढेच म्हटले की सौंसरात बर्फ दाखवून राहिले. हे मी का बोलले, देव जाणे (देव आपण मानत नाही, म्हणजे कोणीच जाणत नाही). बस सौंसरला पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

आमचे सर सांगतात, आकाशातून काही दिसले तर जमिनीवर जाऊन खात्री करा. मी खात्री करायला निघाले, तर मागे चौदा माणसे. एकाने स्वेटर घातला होता. संत्र्याच्या बागेवाले गुणवंताकाका स्टीलचा डबा घेऊन आले होते, काकूच्या गुडघ्याला लावायला थोडा न्यायचा म्हणून. फोटोतली जागा शोधत शोधत ही वरात थांबली ती जिनिंगच्या फाटकात. आत कापसाचे दोन ढीग, पांढरेशुभ्र, डोंगराएवढे. चौकीदार म्हणाला, "काय पाहून राहिले बाप्पा?" मी म्हटले, बर्फ. तो म्हणाला, "तो तर गोळेवाल्याकडे भेटते."

चौदाच्या चौदा हसले. ढिगाशी बाबा होते, पाठीवर बोजा घेतलेले. त्यांनी पाहिले, पण हाक मारली नाही. संध्याकाळी घरी येताना एवढेच म्हणाले, "पोरी, तुझा हा बर्फ मी सव्वीस वर्षांपासून पाठीवर वाहून राहिलो. मले विचारून घ्यायचं होतं." सरांचेही एका ओळीचे पत्र आले: पांढरे ते सगळे बर्फ नसते, डोळ्यांना दिसत नाही त्या उजेडातही पाहावे लागते. तेव्हापासून नियम सुधारला, पण माझे नाव सुधारले नाही. भाजीवालीपासून तहसीलच्या बाबूपर्यंत मी "बर्फवाल्या बाई" आहे. गुणवंताकाका भेटले की डबा दाखवतात.

मी पण हसते, दादा. पण हसताना बाजूला कोणी लागते. होस्टेलच्या मैत्रिणी लग्न होऊन गेल्या. त्यांचे फोन येतात, "अजून बर्फच का?" एवढे विचारतात तोवर त्यांचे मूल रडू लागते. सर गुरुवारी बोलतात, तेही कामाचे. बाकी दिवस मी आणि हिमनदी. ती वर्षाला वीस-पंचवीस मीटर मागे सरते आणि मला ते कळल्यावर सांगायला घरात फक्त कूलर असतो. यंदा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मी शेजारी तुझी जागा मोकळी ठेवून चालले. लोकांना वाटले मला गर्दी सोसत नाही.

आता आईची गंमत सांगते (ती ऐकते आहे, म्हणून जपून). तुझ्या कॅम्पाचे निळ्या पत्र्यांचे छप्पर फोटोत दिसते. एक चौकोन म्हणजे दहा मीटर, तुझे छप्पर चाळीस मीटर, म्हणून नाल्याकाठी चार निळे चौकोन. आईला दाखवले तर म्हणाली, "थोडं मोठं कर ना वं, नितीन दिसते का पाहू." मी सांगितले, माणूस दिसत नाही, मोठे केले तर चौकोनच मोठे होतात. ती म्हणाली, "मंग असू दे, छप्पर तर आहे." आणि पदराने स्क्रीन पुसली. आता दर फोटोला ती येऊन बसते, बोटाने चार मोजते आणि उठून स्वयंपाकाला लागते. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे, सौंसरवरून उपग्रह जायच्या दिवशी ती साडेदहाला डोक्यावर पदर घेऊन अंगणात उभी राहते. मी म्हटले, तू पण त्यात दिसत नाहीस. तर म्हणते, "मले कुठं दिसायचं आहे? कोणी वरून जाते तर बाहेर यावं माणसानं."

बाकी सर्व क्षेम. बाबांचा खोकला कमी आहे. संत्र्यांचा भाव कोणाला सांगण्यासारखा नाही. लोणचे पाठवते आहे, वेगळ्या डब्यात. कॅम्पातल्या सगळ्यांना जयभीम, नमस्कार, सलाम, ज्याला जे चालेल ते.

तुझी बहीण,
प्रियंका

ता. क. — वाचून झाले. आई "हं" म्हणाली आणि शिते आणायला आत गेली आहे. घाईत लिहिते, नीट वाच. तुमच्या कॅम्पाच्या वर, नाल्याने सहा किलोमीटरवर, हिमनदीच्या तोंडाशी एक तळे आहे. गेल्या जूनमध्ये ते गुणवंताकाकांच्या बागेएवढे होते, चार एकर. या जूनमध्ये तशा पाच बागा. त्याला अडवून धरले आहे ते नुसत्या दगडमातीच्या बांधाने, आत बर्फ आहे आणि तो वितळतो आहे. बांध फुटला तर पाणी तुमच्या नाल्यानेच येईल. सर आधी म्हणाले, कड्याची सावली असेल, सावली आणि पाणी फोटोत सारखेच काळे दिसतात. मी म्हटले, सर, महिना तोच, वेळ तीच, कडा एका वर्षात उंच झाला का? मग त्यांनी तिथल्या अधिकाऱ्यांना कळवले, उत्तर आलेले नाही. मला विचारले, "जमिनीवर तुमच्या ओळखीचं कोणी आहे का?" तुमच्या ठेकेदाराच्या ऑफिसात मी तीनदा फोन केला. तिथल्या माणसाने विचारले, मॅडम, तुम्ही इंजिनीयर आहात का? मी म्हटले, नाही, बहीण. त्याने ठेवून दिला.

आई आली. तर सांगायचे म्हणजे लोणच्यात मीठ जरा जास्त झाले आहे, सांभाळून खा, आणि डबा परत पाठव.

ता. क. २ — शिते सुकी निघाली, ती पुन्हा आत गेली. तळे पाहायला तू वर जाऊ नकोस. मेंढपाळ तिकडून उतरतात, त्यांना विचार, तिथे पाणी आहे की सावली. पण उत्तर यायची वाट न पाहता कॅम्प आधी हलवा. समोरच्या काठावर साठ मीटर उंच एक सपाट जागा आहे, उंची नकाशात पाहिली आहे, जागा फोटोत मोजली आहे, तुमच्यासारखे तीन कॅम्प मावतील. मागच्या वर्षी दोन दिवसांत छप्पर उभे केले होते, असे तूच सांगितले होतेस. छप्पर हलेपर्यंत झोपायला तरी वर जा. कॅम्पातल्या चौतीसही माणसांना घेऊन जा, एकटा नको. ते हसतील. त्यांना जिनिंगची गोष्ट सांग, पोटभर हसू दे, आणि हसत हसत वर चढव. मी कापसाला बर्फ म्हटले, हे खरे आहे. या वेळीही चुकले असेन तर फार बरे होईल. अख्ख्या सौंसरने हसावे, मी स्वतः काकांचा डबा घेऊन पुढे उभी राहीन.

ता. क. ३ — उत्तराचे पत्र लिहीत बसू नकोस, त्याला नऊ दिवस लागतात. हे पत्र तुला पोचेपर्यंत अठरा उजाडेल; उपग्रह तुमच्यावरून अठरा आणि तेवीस जूनला जाईल. तेवीसला मी मुकुंदभाऊंचे शटर उघडायच्या आधी जाऊन बसणार आहे. चार निळे चौकोन नाल्याकाठी नसले आणि वर असले की मला कळेल. आई विचारेल, "नितीन वर काहून गेला?" मी सांगेन, तिथे वारा चांगला आहे. ती चार मोजेल आणि स्वयंपाकाला लागेल.

आली. मोजे घाल.