केसांची पोती

प्रिय इंदाय डेल्फी,

तुझा बिस्किटांचा डबा पोचला. माझ्याआधी रिझेलनेच उघडला आणि "याला तिया डेल्फीच्या घरचा वास येतोय" म्हणत झाकण नाकाला लावून बसली. माझ्या पोटची पोर, पण गोडवे मावशीचे! मला राग येतो, सरळच सांगते.

राग तसा जुनाच. जहाज बुडालं आणि त्याचं काळं तेल आपल्या किनाऱ्याला लागलं, तेव्हा तू इलोइलो शहरातल्या तुझ्या पार्लरमधून कापलेल्या केसांची पोतीच्या पोती पाठवलीस. केस तेल शोषतात म्हणून ते जाळ्यांत कोंबून, बांबूंना बांधून आम्ही तेल अडवायला पाण्यावर सोडले. रविवारी फादरनी चर्चमध्ये तुझं नाव घेतलं. आम्ही गुडघाभर तेलात उभ्या राहून नारळाच्या सोडणांनी खडक घासत होतो, आमच्या वाट्याला नुसतं "आणि इतर सर्वजण". घरी येऊन मी भांडी आपटली. माझा नवरा असून डिओनी म्हणाला, "अगं, तुझ्याच बहिणीचं कौतुक झालं ना?" मी म्हटलं, "तिचे हात बघ आणि माझे बघ!"

अंगावरचं ते तेल साबणाने निघायचं नाही, म्हणून सगळी वाडी ते रॉकेलने पुसून काढायची, पोरांनासुद्धा. कुणाला काय ठाऊक होतं! तोंडाला बांधायला कागदी पट्ट्या मिळाल्या होत्या, पण जीव गुदमरायचा, म्हणून फोटोवाले आले की तेवढ्यापुरत्या लावायच्या. डोकं ठणकायचं, उलट्या व्हायच्या. शेजारची लुर्डेस म्हणायची, "काय गं पासिंग, या वयात पुन्हा पाळणा हलवतेस की काय?" आम्ही खो खो हसायचो. रिझेल माझं जेवण घेऊन यायची आणि संध्याकाळपर्यंत तिथेच वाळूत खेळायची.

तिचा खोकला तेव्हापासूनचा. तुला मुद्दाम कळवलं नाही. तू लगेच औषधं पाठवली असतीस आणि गावभर पुन्हा तुझंच नाव झालं असतं.

मग यंदा मे महिन्यात ती तुझ्याकडे राहायला आली. परतली ती बोटीतून उडी मारून, किनाऱ्यावरून पळत माझ्याकडे. पळत, डेल्फी! "नानाय, तिथे मी एकदापण खोकले नाही." मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हटलं, "मग राहायचंस तिथेच." आठवडा उलटला नाही तोच तिची छाती पुन्हा वाजायला लागली.

लहानपणी लांबसडक केस तुझे, गाता गळा तुझा, आईचा जीवही तुझ्यावरच. तुला मूल नाही म्हणून सगळे हळहळतात. मी कधी हळहळले नाही. तुझ्याकडे नाही असं माझ्याकडे एवढं एकच होतं.

काल दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेलामुळेच झालं असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण मुलीला इथे ठेवू नका." ऊन तापलं की वाळूतून अजून तो वास येतो. म्हणून शनिवारच्या बोटीने डिओनी तिला तुझ्याकडे घेऊन येतोय, कायमची. तिथल्या शाळेत घाल. रात्री धाप लागली तर पाठीशी उशी देऊन बसव, घाबरून हाका मारते ती. आता तुला हाका मारेल. कुणी विचारलं तर सांग, हिची आई बेटावर असते. आणि तुझ्या पार्लरमध्ये तिचे केस कापू नकोस. सुट्टीत आली की ते मी विंचरणार आहे.

तुझीच जळकी थोरली,
मानांग पासिंग