सालाखालचा ठिपका

४ फेब्रुवारी

ती. आजीस,
चिकट्याचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, शिव्या राखून ठेवल्या असशीलच. आधी गाडी दुरुस्तीला होती, मग शाळेच्या परीक्षा, मग मला सर्दी. यातलं एक कारण खोटं आहे, कोणतं ते तू ओळख. शाळेची बस माझ्याकडेच आहे. चाळीस मुलं, त्यातली दोन रोज उलटी करतात. गाडीची काच मात्र भिकार निघाली. ऊन पडलं की मधोमध धुरकट दिसतं. मालकाला दोनदा सांगितलं. तो म्हणतो काच चांगली आहे.

नाणी चाळणं चालू आहे. बँकेतून पिशवी आणायची, हवं ते काढून घ्यायचं, बाकीची परत द्यायची. पण एक रुपयाची नाणी आता सोडली. त्यात काही राहिलं नाही, सगळी झिजलेली. दहाची घेतो. मोठं नाणं, दोन धातूंचं. मधला गोल जरा सरकलेला असला की लगेच कळतं, आणि अशा चुकलेल्या नाण्याला गिऱ्हाईक असतं. आजोबा असते तर रागावले असते. पण दिवस बदलले.

बायको नमस्कार सांगते. लोभ आहे तसाच राहू दे, शिव्या तेवढ्या कमी कर.

तुझा,
चिकट्या

११ फेब्रुवारी

चि. चिकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सर्दी खोटी. तुझं अक्षर एवढं मोठं कधी झालं? दहा ओळींत पान संपवतोस. कागद फुकट मिळतो का?

दहाच्या नाण्यांचं वाचलं. तुझे आजोबा म्हणायचे, थोरल्या नाण्याकडे सगळं गाव बघतं, धाकट्याकडे कोणी बघत नाही, म्हणून शोधायचं ते धाकट्यात. एकाच्या नाण्यावर सालाखाली टाकसाळीची खूण असते. कुठे ठिपका, कुठे चांदणी, आणि ठरावीक सालांच्या नाण्यांत लाखात एखाद्यावर काहीच नाही. त्या काहीच नसलेल्याला मोल. खूण मोहरीहून बारीक. शाळेतलं सगळं सोडून तेवढंच तुझ्या डोक्यात शिरलं होतं, आणि आता तू तेही सोडलंस.

पुठ्ठ्यावर चिकटवून एकाची तीन नाणी पाठवतेय. माझा चष्मा फुटलाय. कोणत्यावर कोणती खूण आहे ते बघून कळव. नातसुनेला या कामाला लावू नकोस, तिला घरचं थोडं नाही.

माया आहे ती आहे, दर पत्रात मागू नये.

आजी

२० फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

नाणी मिळाली. नीट बघितली. तिन्हींवर ठिपका आहे, साधी आहेत, आस ठेवू नकोस. किराणावाल्याकडे सुट्टे नव्हते म्हणून त्यालाच देऊन टाकली. तुला पुढच्या खेपेला तीन दहाची पाठवतो, म्हणजे फायद्यातच राहिलीस.

बाकी ठीक. परवा वळणावर गाडीचा आरसा कचऱ्याच्या पेटीला घासला. कोणीतरी पेटी पुढे सरकवून ठेवली होती. मुलांना मजा वाटली. चष्मा लवकर करून घे, या वयात डोळ्यांची हेळसांड बरी नाही.

माझ्यावरचा लोभ पुसट होऊ देऊ नकोस.

तुझा,
चिकट्या

२५ फेब्रुवारी

चि. चिकट्यास,

आशीर्वाद नंतर. आधी वाच. मोठ्या अक्षरात काढलंय, तुला दिसेल.

चष्मा फुटलेला नाही. पुठ्ठ्यावरच्या मधल्या नाण्यावर काहीच खूण नव्हती. ते आजोबांचं नाणं. दहा वर्षांचा असताना त्यासाठी दोन दिवस जेवला नाहीस, तेव्हापासून तुझं नाव चिकट्या. ते तू ओळखलं नाहीस आणि सुट्टे म्हणून देऊन टाकलंस. नाण्याचं सोड. नाणं फिरायलाच पाडलेलं असतं.

आजोबांनीही एक दिवस एकाची सोडली. म्हणाले, यात काही राहिलं नाही, आता थोरल्यात बघू. तेव्हा ते मालाचा ट्रक चालवत. मला कळलं होतं. मी काय केलं, तर शेजारी बसून त्यांना सालं वाचून दाखवायला लागले. वाटलं, नवऱ्याला सांभाळतेय. सहा महिने वाचली. सातव्या महिन्यात त्यांनी एका दूधवाल्याची सायकल उडवली. माणूस जगला, पाय गेला. तुम्हा पोरांना आम्ही ब्रेक लागला नाही म्हणून सांगितलं. ब्रेक चांगला होता. मी त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोने मला पाणी दिलं. ते पाणी अजून घशाखाली उतरलेलं नाही.

तुझा मालक खरं बोलतो, काच चांगली आहे. धूर तुझ्या डोळ्यात आहे. तो रक्तातून आला, त्यात तुझा दोष नाही. हे वाचून परत गाडीला हात लावलास तर तो दोष तुझा. आधी चावी मालकाच्या हातात दे, मग डॉक्टरकडे जा. उलटं करू नकोस. पगाराचं काय हे मला विचारू नकोस, त्या दूधवाल्यानेही मला विचारलं नव्हतं. आठ दिवसांत तुझं पत्र आलं नाही तर मालकाला मी लिहीन. तिसरीपर्यंतच शिकलेय, पण एवढं लिहिण्यापुरतं येतं.

लोभ चावी दिल्यावर.

आजी

३ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुझी नातसून लिहितेय, मी सांगतोय. म्हणून अक्षर बरं आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा गाडीतच बसलो होतो, दुपारची फेरी राहिली होती. मालकाला चावी दिली. तो म्हणाला, एवढी एक फेरी मारून ये. नाही म्हणालो. कारण सांगितलं. मग तो स्वतः गाडी घेऊन गेला.

डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा मधोमध विरत चाललाय. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. गेलेलं परत येत नाही. मालकाने मला गाडीवरच मुलांना चढवायला-उतरवायला ठेवलंय. पगार निम्म्याहून कमी. उलटी करणारी दोघं आता माझ्या वाट्याला.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, तिला दोन महिन्यांपासून माहीत होतं. रोज माझ्याआधी खाली जाऊन गाडीची काच पुसायची. हे तिने आत्ता लिहायला नको म्हटलं, पण मी लिहायला लावलं.

किराणावाल्याचा गल्ला तीनदा उपसला. नाणं नाही. दहाची पिशवी बँकेला परत केली. आता काही शोधत नाही.

तुझ्या लोभाचं आता काय ते तूच बघ.

चिकट्या

१० मार्च

चि. चिकट्यास व चि. सूनबाईस,
दोघांनाही अनेक आशीर्वाद. मागचे राहिलेले धरून.

सूनबाई, तू काच पुसलीस, मी सालं वाचली. आपण दोघी एकाच माळेचे मणी, तेव्हा तुला बोलायला मला तोंड नाही. आता रडत बसू नकोस, कागद भिजला तर परत लिहावं लागेल.

आणि चिकट्या, शोधत नाही हे कसलं बोलणं? एकाची पिशवी आण. झिजलेली असू देत. ते नाणं वाण्याकडून कोणाकडे, तिथून आणखी कोणाकडे गेलं असेल, पण असेल तुमच्याच गावात. रोज संध्याकाळी दोघं समोरासमोर बसा. एकेक नाणं तिने उचलावं, साल वाचावं, खाली काय आहे ते सांगावं. आता हातात गाडी नाही, वाचलेलं चालतं. ठिपका म्हणाली तर बाजूला टाका. चांदणी म्हणाली तर बाजूला टाका. काहीच नाही म्हणाली की हात पुढे कर.

चावी दिलीस. लोभ घे.

आजी