नानांनी तीनदा ऐकलेली कादंबरी

शनवारा, बऱ्हाणपूर
१८ जानेवारी २०२६

प्रिय वंदूताई,

नमस्कार. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. यंदा थंडी जबर पडली, केळीची पानं करपली म्हणून शेतवाले हवालदिल आहेत. माझी शाळेतली नोकरी चालू आहे. भोपाळचा तुझा पत्ता आपल्या रंजिता मामेबहिणीने दिला. फोन नंबरही दिला होता, पण हे मला फोनवर बोलता आलं नसतं.

नानांना आता दिसत नाही. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. बाकी एक्याऐंशीव्या वर्षीही दोन भाकरी खातात. नेपानगरच्या मिलमध्ये तीस वर्षं कागद बनवला, पण पुस्तक कधी उघडलं नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र म्हणाले, "तृप्ती, दिवस जात नाही वं. काहीतरी वाचून दाखव."

घरात कादंबरी एकच, तुला कॉलेजात बक्षीस मिळालेली. लग्नासाठी घर सोडून जाणाऱ्या मुलीची. ती मी सतराव्या वर्षी दोन दिवसांत संपवली होती, आणि ती मुलगी गाडीत बसते तिथे खुशीने उडीच मारली होती. बाकीचं काही लक्षात नव्हतं. नानांपुढे ती वाचायची की नाही, असं दोन दिवस घोळत होतं. शेवटी वाचायला घेतली.

नवव्या प्रकरणात एक ओळ आहे. मुलीचा बाप दर रविवारी भाजी आणायला म्हणून स्टेशनावर जातो आणि रिकामी पिशवी घेऊन परततो. मी पुढे गेले, तर नाना म्हणाले, "रुक जरा. तेच परत वाच."

वाचलं.

"अजून एक बार."

पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "मी पण जायचो."

"कुठे, नाना?"

"टेसनावर. भोपाळची गाडी यायच्या टायमाला. तुला सांगायचो, पेपर आणायला जातो."

पेपर आपल्या कोपऱ्यावरच मिळायचा, ताई. सात वर्षं ते दर रविवारी तुझ्या गाडीची वाट पाहत होते आणि मी घरात त्यांचा चहा झाकून ठेवत होते. मला काही म्हणता काही कळलं नाही.

त्या दुपारी मी ती ओळ किती वेळा पाहिली असेल! अक्षरं तीच, पान तेच, तू पेन्सिलीने केलेली खूणही शेजारीच. तरी सतराव्या वर्षी ती माझ्या डोळ्यांखालून गेली आणि मला दिसली नाही. छापलेली ओळ इतकी वर्षं कपाटात आपली वाट पाहत थांबते, या विचाराने अंगावर काटा आला.

कादंबरी संपली तर नाना म्हणाले, "पहिल्यापासून घे."

दुसऱ्या वेळी मी अडले. ती मुलगी लग्नानंतर घरी पत्र लिहिते आणि रोज दारात उभी राहून पोस्टमनला विचारते, एवढाच तो परिच्छेद. नाना म्हणाले, "काय झालं?"

तेव्हा मी त्यांना सांगितलं, आणि आता तुला सांगते. तू निरंजनरावांबरोबर गेलीस त्या वर्षी दिवाळीला तुझं पत्र आलं. मग आणखी दोन. नाना ड्युटीवर असायचे, पोस्टमन माझ्या हातात द्यायचा. तिन्ही पाकिटांवर 'घेण्यास नकार' लिहून मीच परत केली. नानांना कधी बोलले नाही. आई गेल्यावर माझी वेणी तू घालायचीस, ताई. मी वीस वर्षांची होते, तरी मला वाटलं तू नानांना नाही, मला टाकून गेलीस. तुला वाटलं असेल, नकार नानांचा. तो माझा होता.

"तीन?" नानांनी विचारलं.

"तीन."

मग म्हणाले, "पुढे वाच." मी रडत वाचलं. त्यानंतर चार दिवस त्यांनी मला हाक मारली नाही. पाचव्या दिवशी शाळेतून आले तर पुस्तक मांडीवर घेऊन बसलेले. "पहिल्या पानापासून," एवढंच म्हणाले.

आणि तिसऱ्या वेळी, ताई, नाना हसले! ती मुलगी सायकलसाठी बापाशी भांडते तिथे. आधी दोनदा ते पान तसंच गेलं होतं. "वंदी अशीच होती," म्हणाले. सत्तावीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून तुझं नाव ऐकलं नव्हतं. आवाजात राग नव्हता. जणू तू आतल्या खोलीत केस विंचरते आहेस. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी आजवर पाहिला नव्हता. मी वाचायची थांबले आणि नुसती पाहत राहिले.

थोड्या वेळाने म्हणाले, "तिला लिही. तू केलंस तेही लिही."

म्हणून लिहिते आहे. माफ कर म्हणायचा हक्क मी स्वतःच परत पाठवला, तेव्हा माफी मागत नाही. राग आला तर माझ्यावर काढ, नानांवर नको.

पत्र त्यांना वाचून दाखवलं. तीन पाकिटांपाशी माझा आवाज खाली गेला, तर म्हणाले, "नीट मोठ्याने वाच." ऐकून झाल्यावर पेन मागितलं. मी हात धरायला गेले तर झटकला. खाली जी ओळ तिरकी वर चढली आहे ती त्यांची आहे.

अजून म्हणवून घेता येत असेल तर तुझीच,
तृप्ती

वंदी, ये. जावईबापूंना घेऊन ये. — नाना