छबूची जागा

कारखाना तळ,
१२ डिसेंबर १९८६

ती. मोहनमामांस, वत्सलाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

ऐकून हसाल. ऊस तोडायला आलेली तुमची भाची मास्तरीण झाली. कारखान्याने तळावर शाळा काढली, पण इथे राहायला बाहेरचा मास्तर मिळेना. मुकादम सुंदररावांनी माझं नाव सुचवलं. नववीपर्यंत तुम्ही घासून घेतलंत, त्याचं चीज झालं.

पाचटाच्या छपरात वर्ग भरतो. बंजारा तांड्यावरच्या लेकरांना मराठी येत नाही, म्हणून ती तोंडच उघडत नव्हती. मग मीच त्यांच्याकडून शिकले, आईला ती याडी म्हणतात. परवा हरिबा नावाच्या पोराने आपल्या बैलांची सगळी हकिकत मराठीत सांगितली. मामा, इतका आनंद मला कशाचाच झाला नव्हता.

हे मात्र कुरकुरतात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. त्याने तोडायचं, तिने मोळ्या बांधायच्या. कशाला हातचं काम सोडतीस, म्हणतात. पण काम अडलेलं नाही, काळजी नसावी. मामींना नमस्कार. माया आहेच, ती राहू द्यावी.

आपली,
वत्सला

नांदूरघाट,
२ जानेवारी १९८७

चि. सौ. वत्सलास अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. विहिरीने तळ गाठलाय, टँकर आला की गाव धावतं. शाळेतली निम्मी पोरं आईबापांबरोबर उसाच्या फडात गेली, म्हणून तुझ्या शाळेचं अप्रूप वाटलं.

पण बाळ, राग मानू नकोस. पत्रात हरिबा आहे, त्याचे बैलही आहेत, आपल्या छबूचं, तुझ्याच लेकीचं, नाव नाही. ती वर्गात बसते ना? आणि तू शाळेत असताना जावईबापूंच्या मोळ्या कोण बांधतं? हे मामीने आधी विचारलं, मी मास्तर असून मागे राहिलो. लगेच कळव.

तुझा,
मोहनमामा

कारखाना तळ,
२० जानेवारी १९८७

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

छबू बांधत होती. नऊ वर्षांची पोर. मी संध्याकाळी कोपीवर, आमच्या पाचटाच्या झोपडीत, येऊन दुसऱ्यांच्या लेकरांचं कौतुक सांगायची, ती भाकरी थापत ऐकायची. आपलं पत्र वाचून माझीच मला लाज वाटली.

मी शाळा सोडायला निघाले, तर शेजारच्या दगडाबाईंनी अडवलं. म्हणाल्या, गावाकडं आपण सावड करतोच की, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. तू आमची लेकरं शिकीव, आमी बाया पाळीपाळीनं तुझ्या मोळ्या बांधतो. हे दोन दिवस फुगून बसले, मग कबूल झाले.

सोमवारी छबू वर्गात आली. पाल्याने बोटं चिरलेली, पेन्सिल धरवत नव्हती. सगळे पाढे म्हणत होते, हिचं लक्ष फडाकडे. वर्ग सुटला तरी उठेना. मी जवळ गेले तर तिने हळूच विचारलं, उद्या कुणाची पाळी हाय? दगडाबाईंची, म्हटलं. मग त्यांची पोर तुळजा तर न्हाई ना बांधनार, असं तिने विचारलं.

मी न्हाई म्हणाले खरी, पण मला झोप आली नाही. सकाळी शाळेआधी फडावर जाऊन आले. दगडाबाई एकट्याच बांधत होत्या. तसं छबूला सांगितलं, तेव्हा कुठे तिने पाटी मांडीवर घेतली.

मामींना सांगावं, त्यांनी असंच विचारत राहावं.

आपली,
वत्सला