धुरपताबाई, गोदावरी आणि माझी प्रस्तावना

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.
आजपासून नियमित रोजनिशी. ३१ तारखेला अठ्ठावन्न पूर्ण होतील, म्हणजे निवृत्ती. नांदेडच्या आमच्या लोकरेडिओचा मी केंद्रप्रमुख. मुदतवाढ लातूरची संस्था देणार. देणार म्हणजे देणारच. सोळा वर्षं प्रादेशिक आणि पर्यावरण पत्रकारिता, 'पर्यावरण आणि मी'चे सातशे भाग. दुसरा आहे कोण?
संकल्प: प्लास्टिकची बाटली बंद. (फ्रीजमधल्या सहा संपल्यावर.)

५ मार्च.
संस्थेचे अध्यक्ष गुरुपादप्पा यांचा लातूरहून फोन. म्हणाले, रेणुकादासजी, लोक म्हणून राहिले की पाहुण्याला तुमी बोलूच देत न्हाई. एक तरी चांगला कार्यक्रम ऐकवा, मंग बघू. अप्पांचा सोयाबीनचा व्यापार. त्यांना निवेदनातलं काय कळतं?
आमची साउंड इंजिनिअर देविका म्हणाली, विहिरींवरच्या भागात भूजलतज्ज्ञ चाळीस सेकंद बोलले, सर. हे मोजायला हिला वेळ आहे.
तरी संकल्प: कमी बोलणे.

९ मार्च, रविवार.
कल्पना सुचली. विष्णुपुरीच्या जलाशयाकाठून तासभर थेट प्रक्षेपण. नाव 'गोदावरी बोलते'. रविवार २३, सकाळी ८. देविकाने पाहुण्याही शोधल्या: धुरपताबाई, चाळीस वर्षं तिथे मासे धरतात. ठीक. विषय अर्थात मी मांडणार.

१४ मार्च. धुळवड.
पाणी वाचवा म्हणून रंग खेळलो नाही. उकाड्यामुळे तीनदा आंघोळ.
प्रस्तावना बावीस पानं झाली. विशाखाला पहिलं पान वाचून दाखवलं. कुकर लावायचाय म्हणून ती आत गेली. रात्रीचं जेवण बाहेरून येणार होतं, हे मला जेवताना कळलं. बायकोला रेडिओची आवड कमी.

२२ मार्च.
नवे कॉलरमाईक आले. देविका म्हणाली, सर, लाल दिवा लागला की माईक बंद असतो. हसू आलं. सोळा वर्षं स्टुडिओत लाल दिवा म्हणजे आपण ऑन एअर. कालची पोरगी मला दिवे शिकवते.

२३ मार्च, रविवार. दुपारी १.
ऐतिहासिक सकाळ. देविका स्टुडिओत. तिने फोन चालू ठेवा म्हणून बजावलं होतं, पण प्रक्षेपणात फोन वाजणं म्हणजे पाप. बंद ठेवला. मी खडकावर उभा. लाल दिवा तासभर अखंड. अठ्ठावन्न मिनिटं बोललो, एकदाही अडखळलो नाही.
धुरपताबाई वीस पावलांवर होडीत बसून जाळं नीट करत होत्या. त्यांच्या पदराला माईक लावला होता. देविकाने त्यांना सांगून ठेवलं होतं, मनात येईल ते बोला. मधूनमधून त्या पुटपुटत होत्या. मी मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं. शेवटची दोन मिनिटं त्यांना द्यायला वळलो, तर बाई मासे घेऊन बाजाराला निघून गेलेल्या. लोकांना संधीचं मोल नाही.

त्याच दिवशी. सायंकाळी ६.
फोनवर फोन. कंधार, धर्माबाद, थेट लातूर. माझं नाव कुणी घेत नाही. संकोच असावा.

सायंकाळी ७.
देविकाने सांगितलं. माझा माईक तासभर बंद होता. तिने मला एकतीस फोन केले होते.
रेकॉर्डिंग ऐकलं. पाण्याचा आवाज, होडीची करकर आणि धुरपताबाई. पयलं वाम मासळी घावायची, आता शाम्पूच्या पुड्या घावत्यात. मालक याच पाण्यात गेले. लोक म्हनले, नदी सोड. म्या म्हनलं, मंग बोलू कुणासंगं?
पुन्हा एकदा ऐकलं. बाई चांगलं बोलल्या. माझ्यापेक्षा चांगलं बोलल्या, हे इथे लिहायला हरकत नाही.
कंधारच्या एका श्रोत्याने विचारलंय, मागं म्हैस हंबरत हुती, ती कुणाची? काठावर म्हैस नव्हती.

२८ मार्च, शुक्रवार. लातूर.
संस्थेची बैठक. खरं ते सांगायचं ठरवूनच गेलो होतो: मी बोललो आहे, अठ्ठावन्न मिनिटं बोललो आहे. पुरावा म्हणून बावीस पानं बरोबर. पानं टेबलावर ठेवली, तेवढ्यात अप्पा उठले. डोळे ओले. म्हणाले, सोळा वर्षांत पयल्यांदा आपला रेडिओ शेवटपर्यंत ऐकला. अख्खा तास या माणसानं तोंड उघडलं न्हाई. याला म्हणावं पत्रकार. दोन वर्षं मुदतवाढ, आणि दर रविवारी असाच कार्यक्रम. अगदी असाच.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी विचारलं, काही बोलायचंय का? मी मान हलवली. पुन्हा टाळ्या. पानं पिशवीत घातली.

रात्री ९. नांदेड.
परतीच्या एसटीत शेजारी एक सज्जन गृहस्थ बसले होते. नांदेडचंच तिकीट काढलं होतं त्यांनी. फार वाटलं, कुणीतरी एकदा ऐकावं. पिशवीतून पानं काढली आणि त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवायला लागलो. माणूस सभ्य, मधे एक शब्द बोलला नाही.
सहाव्या पानावर अहमदपूर आलं. ते तिथे उतरले.