सात रेशमी तारांचा वारस

मी, यान जिंगशी, वय छप्पन्न, व्यवसाय छिन या सात रेशमी तारांच्या वाद्याचे वादन, राहणार बाइशी, पूर्व कालव्याकाठी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. हल्ली दडपणाविना लिहिलेला कागद विरळा, म्हणून मुद्दाम नोंदवले. हिवाळ्यात डावा हात लुळा पडला. डोके जागेवर असल्याचा वैद्यांचा दाखला सोबत आहे.

१. राहत्या दोन खोल्या पुतणी सूवेइ हिला. ती रेशीम गिरणीत कामाला असून चार वर्षे माझ्याकडे छिन शिकते आहे. छप्पर गळते, तेही तिचेच.

२. ‘जनतेला ऐकू यावे’ म्हणून संस्कृती कार्यालयाने रेशमी तारांऐवजी दिलेल्या पोलादी तारा शेजारच्या गु काकूंना, खारवलेली बदके टांगायला. काकूंनी एक बदक टांगून पाहिले आहे. तारा उत्तम आहेत.

३. कार्यालयाचे मानपत्र कार्यालयालाच परत. दोघातिघांनी एका खोलीत बसून ऐकायचे हे मंद आवाजाचे वाद्य. यांनी मला दोन हजार कामगारांपुढे बसवले. अहवालात लिहिले, ‘कलावंत अकरा मिनिटे बसून होते. वादन सुरू झाले नाही.’ मी तेव्हा वाजवून उठलो होतो.

नंतर कार्यालयाचे साहेब म्हणाले, “मास्तर, यात ढोल घातला तर?”

“घाला की. मग छिन काढून टाका, काम आणखी सोपं.”

त्यांनी ते वहीत उतरवून घेतले.

४. माझ्या गुरूंची छिन कार्यालयाला संग्रहालयाच्या काचेआड हवी आहे. देऊ नये. न वाजवलेली छिन मुकी होते.

५. गुरूंकडून आलेली ‘थंड झऱ्यावरचा बगळा’ ही रचना वहीत आहे, पण वहीत फक्त कोणते बोट कुठे, एवढेच. किती थांबायचे ते लिहीत नाहीत. ते शेजारी बसूनच शिकायचे. सूवेइला अर्धी रचना दिली आणि माझा हात गेला. पूर्ण रचना आज एकाच माणसाच्या हातात आहे: माझा जुना शिष्य थाओ बोहेंग. नऊ वर्षे माझ्या घरचा भात खाऊन याने भर सभेत या रचनेला ‘जमीनदारांचं झोपेचं औषध’ म्हटले. आता तो त्याच कार्यालयात उपप्रमुख आहे.

सबब छिन थाओ बोहेंगला. अट एकच: सूवेइला रचना पूर्ण शिकवावी. ती वाजवू लागेल त्या दिवशी छिन तिची. भाषणांत त्याने काय वाटेल ते बोलावे.

गेल्या रविवारी त्याला बोलावले. टोपी डोळ्यांवर ओढून मागच्या दाराने आला.

“मास्तर, कुणी पाहिलं तर?”

“सांग, म्हाताऱ्याला सुधारायला गेलो होतो.”

“ती रचना आता आठवायची नाही मला.”

“खोटं बोलू नकोस. बस.”

सूवेइ माझ्या कानाशी लागली, “काका, ह्याच्याकडून शिकायचं मी?”

“शिक. चहा मात्र विचारू नकोस.”

त्याने सगळी वाजवली. तिसऱ्या भागात जिथे मी तीस वर्षे घाई करत आलो, तिथे तो थांबला. तेच बरोबर होते. सभेतल्या बोलण्याची क्षमा मी एखादे वेळी केली असती. या थांबण्याची करणार नाही.

वाचून, समजून, उजव्या हाताने सही केली.

यान जिंगशी

आमच्यासमक्ष:
लियांग देसिन, नावाडी
फेइ झोंगमिंग, निवृत्त शाळामास्तर

बाइशी, ९ एप्रिल १९५७