ओटीवरचं पाऊल

पोलादपूर, दसऱ्यानंतरचा सोमवार, १९८२

नलू सकाळच्या एसटीने महाडला गेली. आता तिथेच खोली घेऊन राहणार. ठरवलं मीच. नोकरी लागली, चोविशी उलटली, रोज हेलपाटे कशाला? लग्नाआधी पोरगी घराबाहेर कशी ठेवायची, म्हणून बायकोने आठवडाभर अबोला धरला. मी बधलो नाही. बरोबरच केलं ना?

ओटी पहाटेच सारवलेली. ट्रंक उचलून निघताना नलूचा पाय ओल्या सारवणात पडला. ते पाऊल आता वाळलंय, बोटं रस्त्याकडे. दिवसभर मी ते ओलांडून जातोय. त्यावर पाय ठेववत नाही.

माणूस गावाला निघालं की ते पोचेपर्यंत घरात केर काढायचा नाही, हा हिचा नेम. जन्मभर मी त्याला हसत आलो. दिवेलागणीला ही केरसुणी घेऊन ओटीवर आली. आठवड्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"पोचली आसंल ना वो ती?"

"केव्हाच."

"मंग काढू केर?"

मी त्या पावलाकडे बघत होतो.

"राहू दे गो," म्हटलं. "आज नको."